चावी कुणाकडे आहे?

तुमच्या कॉलेजात वाद्यं आहेत. विश्वास बसत नसेल तर सांस्कृतिक विभागाच्या सरांना किंवा मॅडमना एकदा विचारून बघा. एक हार्मोनियम नक्की असेल, तबला-डग्ग्याची जोडी असेल, ढोलकी असेल आणि नशीब जोरावर असेल तर एखादा की-बोर्ड आणि तारा गंजलेली गिटारसुद्धा निघेल. ती सगळी कपाटात आहेत. कपाट स्टोअररूममध्ये आहे. स्टोअररूमची चावी शिपाईकाकांकडे आणि शिपाईकाकांना परवानगी हवी ऑफिसची. गॅदरिंगच्या आधी पंधरा दिवस आणि नॅकची तपासणी असते त्या आठवड्यात ही वाद्यं बाहेर येतात, पुसली जातात, त्यांचे फोटो निघतात आणि पुन्हा आत जातात.

सगळीच कॉलेजं अशी नसतात, मान्य. काही ठिकाणी म्युझिक क्लब आहे, खोली आहे, तळमळीने वेळ देणारे शिक्षकही आहेत. पण तुम्ही तिथे शिकत असाल तर तुम्ही भाग्यवान, एवढंच म्हणायचं.

बाकीचे काय करतात? हॉस्टेलच्या गच्चीवर बसतात, वॉचमन येईपर्यंत. कुणाच्या तरी घरी जमतात. आत आजी झोपलेली असते म्हणून ड्रमर बिचारा उशीवर वाजवतो. नाहीतर पैसे काढून जॅम रूम घेतात. जॅम रूमचं भाडं तासावर असतं. पाच जणांत वाटलं तर एका वेळेचं फार वाटत नाही. पण आठवड्यातून दोनदा, महिनाभर, वर मेस आणि बसचा पास, असा हिशोब लागला की बँडमधून सगळ्यात आधी कोण गळतं हे सांगायला नको. जो गळतो तो वाजवण्यात कच्चा असतोच असं नाही. कॉलेजचा बँड कसा वाजेल, हे अशा वेळी कोणाच्या घरची ऐपत किती यावरून ठरतं.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक कॉलेजात एक खोली असावी आणि तिची चावी वर्षभर विद्यार्थ्यांना मिळावी. स्टुडिओ नको, एसी नको, उद्घाटन तर नकोच नको.

‘हल्ली तर सगळं यूट्यूबवर शिकता येतं, खोली कशाला?’ हा प्रश्न येणारच. यूट्यूबला नावं ठेवणाऱ्यांपैकी आम्ही नाही. पाच-सहा हजारांची गिटार घेऊन घरच्या घरी बसलेल्या कितीतरी जणांना त्यानेच जी, सी, डी आणि ई मायनर हे चार कॉर्ड शिकवलेत. बोटांच्या टोकांना घट्टे पडेपर्यंतचे पहिले काही आठवडे त्यानेच धीर दिलाय. (मग एफचा बारे कॉर्ड येतो आणि बऱ्याच गिटारी कपाटावर जाऊन बसतात, ती गोष्ट वेगळी.) पण व्हिडिओतला माणूस फार समजूतदार असतो. तुम्ही पॉज केलं की थांबतो. मागे नेलं की तोच भाग न कंटाळता परत वाजवतो. समोर बसलेला ड्रमर थांबत नाही. चार जणांत वाजवताना तुम्ही चुकलात तरी गाणं पुढे जातं आणि तुम्हाला पुढच्या मात्रेवर, धावत्या लोकलमध्ये चढावं तसं, चढावं लागतं. (एवढी एकच धावती गाडी पकडायला आमची परवानगी आहे.) हे चढणं एकट्याने शिकता येत नाही. दोन वर्षं घरी एकट्याने उत्तम वाजवणारा माणूस बँडच्या पहिल्या प्रॅक्टिसला अगदी नवखा ठरतो, ते यामुळेच.

त्या पहिल्या प्रॅक्टिसला काय होतं ते ज्यांनी वाजवलंय त्यांना पाठ असेल. गिटारवाल्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून तो ॲम्प्लिफायर वाढवतो. म्हणून ड्रमर जोरात मारतो. म्हणून की-बोर्डवाला वाढवतो. मध्ये उभी असलेली गायिका ओरडायला लागते आणि अर्ध्या तासात तिचा घसा बसतो. मग सगळे म्हणतात, साउंड सिस्टीम बेकार आहे. सिस्टीमचा काही दोष नसतो. उपाय एकच: गाणारीचा आवाज सगळ्यांना स्वच्छ ऐकू येईपर्यंत बाकीच्यांनी कमी करायचं. बंद खोलीत अख्ख्या ड्रम किटची गरजही नसते; कहोनवर, म्हणजे ज्यावर बसून वाजवतात त्या लाकडी खोक्यावर, बहुतेक गाण्यांचं काम भागतं.

दुसरा ठरलेला घोटाळा लयीचा. ध्रुवपद आलं की सगळ्यांना चेव येतो आणि गाणं पळायला लागतं. शेवटच्या कडव्यापर्यंत शब्दसुद्धा तोंडात मावत नाहीत. फोनमधला मेट्रोनोम लावून पंधरा मिनिटं वाजवलं की कोण पळवतंय ते कळतं आणि तो माणूस जवळजवळ नेहमीच ‘मी नाही’ म्हणणारा असतो! बँडमध्ये कुणी तबला शिकलेलं असेल तर त्याला ‘फ्युजन’ गाण्यापुरतं कोपऱ्यात बसवू नका. केरव्याच्या आठ मात्रा, तीनतालाच्या सोळा आणि त्यात सम कुठे येते हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. त्याच्याकडून मोजायला शिका. बेसवाल्याकडे लक्ष द्या, कारण प्रेक्षक देणार नाहीत. तो थांबला की मात्र गाण्यातली हवा गेल्यासारखं सगळ्यांना वाटतं आणि नक्की काय झालं ते कुणालाच सांगता येत नाही.

तिसरी गोष्ट, गाणं संपवणं. सुरू कुणीही करतं. पण शेवटी एक जण थांबतो, दुसरा अजून एकदा ओळ घेतो, तिसरा झांजेवर दणका देऊन सगळ्यांकडे बघतो. शेवटच्या चार मात्रांची दहा वेळा वेगळी प्रॅक्टिस करा. आणि फोन खोलीच्या मधोमध ठेवून अख्खी प्रॅक्टिस रेकॉर्ड करा. ऐका मात्र दुसऱ्या दिवशी. त्याच रात्री ऐकलंत तर भांडणं होतात.

हे सगळं करायला वेळ लागतो, पुन्हा पुन्हा एकत्र बसावं लागतं आणि म्हणूनच खोली लागते. गॅदरिंगच्या आधीच्या पंधरा दिवसांत यातलं काहीच होत नाही. तेवढ्यात फक्त गाणं ‘बसतं’ आणि स्टेजवर उठतं.

गंमत म्हणजे न शिकलेल्याला सोबत घेऊन वाजवण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. गावातल्या भजनी मंडळात जाऊन बसलेल्या पोराला कुणी विचारत नाही की तुझी कुठली परीक्षा झाली. त्याच्या हातात टाळ देतात. टाळ धरता धरता लय कळते, मग कधीतरी पखवाजवाला दमला की ‘बस रे जरा’ म्हणतो. पुण्यातल्या ढोल-ताशा पथकांचं तेच. ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग अशा शाळांच्या पथकांनी घालून दिलेली पद्धत आता गल्लोगल्ली पोहोचली आहे. गणपतीच्या आधी दोनेक महिने संध्याकाळी नदीपात्रात सराव चालतो. एफवायची मुलगी आणि आयटीतला मॅनेजर एकाच रांगेत कमरेला ढोल बांधून उभे असतात आणि दोघांना टिपरू कसं धरायचं ते गेल्या वर्षी शिकलेला कुणीतरी दाखवत असतो. पथकांच्या आवाजाबद्दल आमच्याही तक्रारी आहेत, पण शिकवण्याच्या या पद्धतीबद्दल एकही नाही.

गोव्याचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. पोर्तुगीज काळात तिथे चर्चला जोडलेल्या शाळांमध्ये मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. त्या वातावरणात वाढलेले वादक मुंबईत आले आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांमध्ये बसले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यातलं एक नाव. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले आणि १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या त्या प्रसिद्ध गाण्यात गुरूचं नाव आलं. गावागावात शिकायला जागा होती आणि शिकवणारा होता, म्हणून हे झालं.

आता प्राचार्यांची बाजू, कारण तीही खरी आहे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सांगतात की निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. शिक्षणसंस्थांभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो, म्हणजे तिथे मर्यादा आणखी कमी. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनाचं काय झालं ते आठवा (आपल्या पिढीने ऐकलंच असेल, पाहिलेलं नाही). १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘इंडिपेंडन्स रॉक’ने तिथे किती हौशी बँडना पहिलं मोठं स्टेज दिलं. पण खुलं नाट्यगृह, शेजारी रुग्णालयं आणि कॉलेज. शांतता क्षेत्राच्या नियमापुढे तिथल्या मैफली बंद पडल्या. नियम चुकीचा होता असं म्हणता येणार नाही. आजारी माणसाला झोप लागली पाहिजे.

पण आम्ही खुलं मैदान मागत नाही आहोत. लेक्चर संपल्यावर, बंद खोलीत, लाउडस्पीकरशिवाय वाजणारी हार्मोनियम, गिटार आणि कहोन यांच्यासाठी नियम मोडावा लागत नाही. ड्रमच हवे असतील तर हेडफोन लावून वाजवायचे इलेक्ट्रॉनिक पॅड मिळतात. फक्त भिंतीला अंड्याचे ट्रे चिकटवून ‘साउंडप्रूफ’ झालं असं समजू नका. त्याने खोलीतला घुमारा थोडाफार कमी होतो, बाहेर जाणारा आवाज थांबत नाही. त्यासाठी भिंत जाड लागते आणि दारं-खिडक्यांच्या फटी बुजवाव्या लागतात. कॉलेजच्या जुन्या दगडी इमारतीत अशी एखादी खोली असतेच. सध्या तिच्यात मोडकी बाकं असतात.

या खोलीचा सगळ्यात जास्त उपयोग मुलींना होईल, हे मुद्दाम सांगायला हवं. पथकात मुली बिनधास्त ढोल बांधतात, पण कॉलेज बँडमध्ये मुलगी आली की पहिला प्रश्न येतो, ‘तू गाणार ना?’ तिला बेस वाजवायचा असू शकतो, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. त्यात जॅम रूम शहराच्या दुसऱ्या टोकाला, स्लॉट मिळतो रात्री आठचा आणि हॉस्टेलचं गेट बंद होतं त्याच्या आधी. घरी राहणाऱ्यांनाही ‘कोण कोण आहे? कधी येणार?’ ही उलटतपासणी असतेच. दुपारी तीन ते सहा, कॉलेजच्याच आवारात प्रॅक्टिस असेल तर यातले निम्मे प्रश्न उभेच राहणार नाहीत.

आणि हे कॉलेजवर उपकार करा म्हणून सांगणं नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार सह-अभ्यासक्रमाला क्रेडिट्स आहेत आणि त्यात सादरीकरणाच्या कला येतात. विद्यापीठाच्या युवा महोत्सवात लोकवाद्यवृंद हा स्वतंत्र प्रकार आहे. पुण्यात फिरोदिया करंडकासारख्या स्पर्धेत नाटकासोबत संगीतही स्टेजवर जिवंत वाजतं. हौशी नाटकवाल्यांसाठी तर राज्य नाट्य स्पर्धा कित्येक दशकांपासून चालू आहे. बक्षीस मिळालं की कॉलेज फ्लेक्स लावतं. त्या फ्लेक्सच्या खर्चात किती तबल्यांच्या पुड्या बदलून होतील, याचा हिशोब एकदा कुणीतरी करायला हवा.

गाणी कुठली वाजवायची ते तुमचं तुम्ही ठरवा. प्रत्येक फेस्टला तीच चार हिंदी गाणी ऐकून आमचे कान किटलेत, एवढं नोंदवून ठेवतो. ‘अभंग रीपोस्ट’सारखा बँड गिटार आणि बेस घेऊन अभंग गातो आणि तरुण गर्दी करतात, तेव्हा आपल्या भाषेत काही चालत नाही हे कारण देऊ नका.

तर करायचं काय? आठ-दहा जण जमा. विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहा, प्रत प्राचार्यांना. खोली कुठली ते नाव घालून लिहा. ‘एखादी खोली मिळावी’ असं मोघम लिहिलंत तर अर्ज फायलीत जाईल. वेळ लिहा. चावी नेणाऱ्या दोघांची नावं, सहीची वही, काही मोडलं तर भरपाई कोण देणार, हे तुम्हीच आधी मांडा. नाही म्हणायला जागा कमी राहते. वर्षातून एकदा तारा, पुड्या आणि पेटीची दुरुस्ती यासाठी किती पैसे लागतील तेही लिहा आणि फीची पावती काढून तिच्यावर गॅदरिंग किंवा सांस्कृतिक शुल्काची ओळ आहे का ते बघा. असली तर त्या ओळीचा उल्लेख अर्जात जरूर करा. पोच घ्यायला विसरू नका. आणि कपाट उघडलं की आधी हार्मोनियमचा भाता उघडून बघा. वर्षभर बंद असलेल्या पेटीत झुरळांनी संसार मांडलेला असतो.