शून्य दाखवणारा क्लॅम्पमीटर

गंगाखेडहून थोडं आत, गोदाकाठच्या एका शेतात गेल्या उन्हाळ्यात सौरपंप बघायला थांबलो होतो. पाइपातून पाणी धो-धो पडत होतं. सोबतच्या वायरमनने पॅनेलकडून कंट्रोलरला येणाऱ्या वायरीला क्लॅम्पमीटर अडकवला. आकडा शून्य. "साहेब, इकडून काही येईनाच बघा," म्हणत त्याने कनेक्टर उपसायला हात घातला. मी ओरडलो म्हणून थांबला.

मीटर बिघडलेला नव्हता. तो फक्त एसीचा होता. एसीभोवतीचं चुंबकीय क्षेत्र सारखं बदलतं, म्हणून जबड्यातल्या गुंडाळीला करंट कळतो. डीसीचं क्षेत्र स्थिर. गुंडाळीला त्याचा पत्ताच लागत नाही. त्याला हॉल सेन्सरचा मीटर लागतो, आणि तो महाग पडतो म्हणून बहुतेकांच्या पिशवीत नसतो.

या माणसाने खांबावर आणि मोटारींवर वीस वर्षं काढलीत. त्याला अडाणी ठरवणं सोपं आहे, पण आपण सगळेच एसीच्या शाळेत शिकलो. क्रमिक पुस्तकात 'दिष्ट' आणि 'प्रत्यावर्ती' धारा पाठ केली, परीक्षा दिली आणि दिष्ट तिथेच सोडून आलो. डीसी हरली, हे आपण धरूनच चाललो होतो.

हरली होती हे खरंच. एडिसनने ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून ११० व्होल्टची डीसी विकायला सुरुवात केली, पण तेवढ्या व्होल्टेजवर मैलभरापलीकडे तांब्याचा खर्च परवडेना. वेस्टिंगहाऊस आणि टेस्ला यांच्या एसीकडे ट्रान्सफॉर्मर होता. १८९६ मध्ये नायगाराची वीज बफेलोला पोचली आणि वाद मिटला. एसी किती जीवघेणी, हे दाखवायला मधल्या काळात जनावरांना शॉक देण्याचे जाहीर प्रयोगही झाले. धंद्यातली भांडणं तेव्हाही या थराला जात.

आपल्याकडे हा सामना मुंबईच्या लोकलवर शंभरेक वर्षं रंगला. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. तेव्हा तो निर्णय बरोबरच होता; जोराने उचल घेणारी आणि वेग सांभाळायला सोपी अशी डीसी सिरीज मोटारच हाताशी होती. पण हिशेब करून बघा. ३ मेगावॉट ओढणाऱ्या गाडीला १५०० व्होल्टवर २००० अँपिअर लागतात, २५ हजार व्होल्टवर १२०. गाड्या वाढल्या तशा जाड तारा आणि थोड्या थोड्या अंतरावरची सबस्टेशनं पुरेनात. पश्चिम रेल्वे २०१२ मध्ये एसीवर गेली, मध्य रेल्वेची हार्बर लाइन एप्रिल २०१६ मध्ये.

गंमत अशी की त्याआधीच डीसी मागच्या दाराने परतली होती. चंद्रपूरची वीज पडघ्याला नेणारी ७५२ किलोमीटरची, ±५०० किलोव्होल्टची, १५०० मेगावॉटची लाइन डीसी आहे. एवढ्या अंतरावर तिला दोन्ही टोकांचे महागडे कन्व्हर्टर परवडतात. आणि नव्या लोकलच्या पोटात वरून आलेली एसी आधी डीसी होते, मग पुन्हा थ्री-फेज एसी होऊन मोटारीला मिळते.

ते सगळं मोठ्या इंजिनिअरांच्या ताब्यात असतं. शेतातली डीसी मात्र आपल्या हातात आली आहे. रात्रीच्या लाइटच्या पाळीला कंटाळलेला शेतकरी सौरपंप घेतो. पाच एचपीला ५४० वॉटची ९ पॅनेल एका ओळीत जोडली, तर प्रत्येकी ४९ धरून ४४० व्होल्ट होतात. थंडीच्या सकाळी आणखी जास्त. एसीत करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, म्हणून स्विच उघडताना पडलेली ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसीला तो शून्य नाही. चालू लोडवर कनेक्टर ओढला की ठिणगी ताणली जाते, प्लॅस्टिक वितळतं, हात भाजतो.

तरीही पॅनेलच्या बाजूला घरगुती एमसीबी बसवलेले बॉक्स आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. त्यावर डीसीचं रेटिंग छापलेलं नसेल तर तो तिथे चालत नाही, मग अँपिअर कितीही असोत. काही डीसी एमसीबींवर अधिक-उणे छापलेलं असतं, तेही शोभेला नाही. आतलं चुंबक ठिणगीला विझवायच्या पट्ट्यांकडे ढकलतं. वायरी उलट जोडल्या तर तेच चुंबक तिला भलतीकडे लोटतं आणि एमसीबीच पेटतो.

त्या दिवशी आम्ही आधी कंट्रोलर बंद केला, मग डीसी आयसोलेटर पाडला, मग कनेक्टर सोडवला. सुट्या टोकांना मल्टिमीटर लावला तर ४१० व्होल्ट. वायरमन पॅनेलकडे बघत म्हणाला, "मग याचा मेन स्विच कुठंय?" नाहीच, पॅनेलवर ऊन आहे तोवर ती टोकं जिवंत, असं सांगितल्यावर त्याने हातमोजे मागितले. ते ठेकेदाराने दिलेच नव्हते.

ठेकेदार मंडळींना म्हणून थेट विचारतो: पंपाच्या किटसोबत गावात माणूस पाठवता, त्याच्या पिशवीत डीसीचा क्लॅम्पमीटर आणि हजार व्होल्टचे हातमोजे का नसतात? उत्तर पाठवा, पुढच्या अंकात छापू.