बैलगाडीचा वाढदिवस

लहान मुलाच्या वाढदिवसाला कुणी भेटवस्तू आणू नये, असे माझे मत आहे. का ते सांगते.

माझा भाऊ ४ वर्षांचा झाला. त्याला बैलगाडीचे भारी वेड. म्हणून आम्ही घरीच बैलगाडीचा वाढदिवस केला. पोळ्याला करतो तसे मातीचे बैल केले. काडेपेटीची गाडी, तिला जुन्या बांगड्यांची चाके. एक चाक सारखे निसटायचे! आईने ताटात शिऱ्याचा बैल थापला, मनुकांचे डोळे लावले. मग सुपारी नि अंगठीने औक्षण केले. केकची आठवण कुणालाच झाली नाही. (मला थोडी झाली.)

पण भावाचा शेजारचा दोस्त आलाच नाही. "द्यायला काय नाय माझ्याकडं," म्हणत तो त्यांच्या उंबऱ्यावर बसून होता. आजीने त्याला हाताला धरून आणले, तोवर शिऱ्याच्या बैलाचे एक शिंगच उरले होते. मला फार वाईट वाटले.

बोलावतानाच मोठ्यांनी सांगावे, की हात हलवत या. आणायचेच असेल तर ओंजळभर माती आणा, बैल करायला. त्या दोस्ताने मग बसून एक बैल केला. तीनच पायांचा झाला. भाऊ रात्री तोच उशाशी घेऊन झोपला.