पऱ्हाटी म्हणा ना राजेहो

काल पऱ्हाटीत डवरा चालू होता अन् मोबाईलवर रेडिओचा शेती कार्यक्रम लावून ठेवला होता. निवेदक सांगून राह्यले, "पिकात कोळपणी करावी व बांध स्वच्छ ठेवावेत." संग काम करणारा पोरगा विचारते, "काका, कोळपणी म्हणजे का जी?" म्हटलं, बाबू, तू करून राह्यला ना तेच.

आपण म्हणतो पऱ्हाटी, ते म्हणतात कपाशी. आपला धुरा म्हणजे त्यांचा बांध, निंदण म्हणजे खुरपणी. एवढं समजून घेता येते. पण २०१७ साली विदर्भात बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली, तेव्हा कोणी 'शेंदरी' म्हणे, कोणी 'गुलाबी'. अळी एकच! शेजारच्या म्हाताऱ्याला वाटे दोन आहेत, औषधंबी दोन लागतील. इथं शब्द नाही समजला तर पैसा जाते. फवाऱ्याचंबी तसंच. औषध सांगतात १० लिटर पाण्याला, आपल्या पाठीवरचा पंप १५-१६ लिटरचा. पंपाला किती मिली, ते सांगा ना.

रेडिओवाल्यांची अडचणबी खरी आहे. नागपूर आकाशवाणी १६ जुलै १९४८ पासून चालू आहे, ऐकणारा मुलूख मोठा. काटोल-नरखेडकडे वऱ्हाडी वळण, भंडाऱ्याकडे झाडीबोली, गडचिरोलीकडे गोंडी. धान लावणं म्हणजे तिकडं रोवणी. बोलावं कोणाच्या बोलीत? पुस्तकी मराठीत कोणी रुसत नाही. गावच्या बोलीसाठी कम्युनिटी रेडिओ बरा, म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहेच. २००६ पासून संस्थांनाबी परवानगी मिळते. पण १०० वॅटचा आवाज जाऊन जाऊन जाईल किती दूर?

अन् दोष आपलाबी आहे. मागं एकदा मुलाखतीसाठी माईकसमोर बसलो, तर निंदण-डवरणाचं मी 'आंतरमशागत' करून टाकलं. घरी ऐकून बायको म्हणे, "हे कोण बोलून राह्यले?" आपली बोली रेडिओवर येते ते बहुतेक हसवायलाच, मग कामाचं बोलताना लाज वाटते.

पूर्ण कार्यक्रम वऱ्हाडीत करा असं मी म्हणत नाही. कीड, औषध अन् वावरातलं काम, एवढ्या तीन ठिकाणी आधी गावचा शब्द सांगा, मग पुस्तकातला. दोन सेकंद जास्त लागतील.

तुमच्या गावात डवरणाला अन् निंदणाला काय म्हणतात ते खाली लिहा. झाडीपट्टीवाल्यांनी तर नक्कीच लिहा. यादी झाली का मीच रेडिओवाल्यांना पाठवतो.