आजोबांचं हसू वाकडं झालं तर?

मुलांनो, परवा चौथीच्या वर्गात मी विचारलं, "चहा पिताना आजोबांच्या हातातून अचानक कप सुटला, बोलणं बोबडं झालं, तर काय कराल?"

"बाई, वारं लागलं असेल. तेल चोळायचं!" एकजण म्हणाला.

नाही हं! तो पक्षाघात असू शकतो. मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली किंवा फुटली, की पक्षाघात होतो.

अशा वेळी तीन गोष्टी पाहा. हसायला सांगा, तोंड वाकडं होतंय? दोन्ही हात समोर धरायला सांगा. एक खाली येतोय? सोपं वाक्य म्हणायला सांगा; शब्द अडखळतायत? एक जरी खूण दिसली, तरी घड्याळ पाहून ठेवा, मोठ्यांना हाक मारा, १०८ला फोन लावा. पाणी, गोळी काही देऊ नका, ठसका लागेल. त्रास आपोआप थांबला तरी दवाखान्यात न्यायचंच. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.

तास संपल्यावर तोच मुलगा हळूच म्हणाला, "बाई, आजीला असंच झालं होतं. आम्ही सकाळपर्यंत थांबलो."

तुम्ही थांबू नका हं!