मूळ नोंद खोडू नका

हिशेबाच्या वहीत चूक दुरुस्त करायची तर नवी नोंद घालतात. जुनी खरवडून काढत नाहीत. चित्रपटालाही हाच नियम हवा, असे आम्हांस वाटते.

अमेरिकेत १९७७ साली जॉर्ज लुकास यांचा 'स्टार वॉर्स' झळकला. १९९७ मध्ये त्यांनीच त्यात संगणकावर केलेली नवी दृश्ये घातली, पुढेही फेरफार केले. लोकांनी पाहिलेला मूळ चित्रपट बाजारात धड मिळेना. तेव्हा काही चाहत्यांनी थिएटरात चाललेल्या ३५ मिलिमीटरच्या जुन्या प्रती मिळवल्या. साध्या रंगीत प्रती कालांतराने लालसर पडतात. टेक्निकलर पद्धतीने छापलेल्या प्रतीचे रंग मात्र टिकले होते. सेकंदाला २४ चित्रे, म्हणजे दोन तासांत पावणेदोन लाखांच्या घरात! ती सारी स्कॅन करून, धूळ-ओरखडे काढून २०१८ मध्ये त्यांनी मूळ चित्रपट उभा केला.

कायद्याने चित्रपट त्यांच्या मालकीचा नव्हता, हे खरे. पण १९८८ साली खुद्द लुकास यांनीच जुन्या चित्रपटांतील फेरफारांविरुद्ध अमेरिकी संसदेपुढे साक्ष दिली होती! नवी आवृत्ती जरूर काढावी; जुनी शेजारी राहू द्यावी. लोकांनी जे पाहिले, त्याचा पुरावा पुसण्याचा हक्क कर्त्यालाही नाही.