शेवटच्या संघाची पहिली निवड

स्पर्धेत जो संघ सर्वांत शेवटी राहिला त्याला पुढील हंगामासाठी नवा खेळाडू निवडण्याचा पहिला मान द्यावा, हा नियम कोणाही समतावाद्याला ऐकताक्षणीच आवडेल. विशेष म्हणजे भांडवलशाहीचे माहेरघर समजल्या जाणाऱ्या अमेरिकेत तो जन्मला. तेथे ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात त्याच्या व्यावसायिक संघांनी ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियात अशी पहिली निवड केली. ही कल्पना फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांची. त्यांच्या संघाने १९३५ च्या हंगामात ११ पैकी अवघे २ सामने जिंकले होते. पहिली निवड साहजिकच त्यांच्या वाट्याला आली. त्यांनी शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर हा त्या वर्षीचा सर्वश्रेष्ठ महाविद्यालयीन खेळाडू निवडला. परंतु त्याला परवडेल असे वेतन देण्याची ईगल्सची ऐपत नव्हती. त्यांनी आपला हक्क शिकागो बेअर्सना दिला. त्यांच्याशीही व्यवहार जमला नाही आणि बरवँगर व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना न खेळता एका रबर कंपनीच्या नोकरीत रुजू झाला.

दुर्बलाला पहिली पाळी मिळणे आणि त्या पाळीतून त्याचे बळ वाढणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा पहिल्याच निवडीने दिला. नव्वद वर्षे उलटली, तरी प्रत्येक हंगामापूर्वी तोच वाद रंगतो. रसातळाला गेलेल्या संघाने आपली मौल्यवान निवड एका तेजस्वी ताऱ्यावर खर्च करावी, की तिच्या मोबदल्यात पाच-सहा साध्या निवडी घेऊन संघाचा पाया भरावा? कबड्डीच्या लिलावाचे दिवस आले की चिखली-मेहकरच्या चहाच्या टपरीवरही याच प्रश्नाची मराठी आवृत्ती ऐकू येते. हा वाद केवळ करमणुकीचा नाही. मर्यादित साधने, मागासलेली स्थिती आणि पहिल्या निवडीचा मोह हा तर नियोजनाचाच प्रश्न आहे.

प्रथम या नियमाचे खरे स्वरूप पाहिले पाहिजे. मालकामालकांत तो समता आणतो. खेळाडूला मात्र तो बांधून टाकतो. ज्याने निवडले त्याच्याकडेच नव्या खेळाडूने खेळायचे. दुसऱ्या मालकाकडे जाऊन अधिक वेतन मागण्याची त्याला मुभा नाही. श्रमाचा विक्रेता एक आणि ग्राहकही एकच, अशी ही बाजारपेठ आहे. सायमन रॉटनबर्ग या अर्थशास्त्रज्ञाने १९५६ साली बेसबॉलच्या श्रमबाजारावर लिहिताना दाखवले होते की, खेळाडूला जखडणाऱ्या अशा नियमांनी संघांमधील विषमता फारशी घटत नाही. खेळाडू अखेर जेथे त्याच्यापासून अधिक उत्पन्न मिळते तेथेच पोहोचतो. फरक इतकाच पडतो की त्याच्या श्रमाच्या किमतीतील मोठा हिस्सा त्याच्याऐवजी मालकाच्या खिशात जातो. तेव्हा समतेच्या नावाने केलेली प्रत्येक व्यवस्था समतेचीच असते, असे समजण्याचे कारण नाही.

आता मूळ वादाकडे वळू. डॅलस काउबॉइज हा संघ १९८८ साली तळाशी होता. १९८९ ची पहिली निवड त्याने ट्रॉय एकमन या गुणी तरुणावर केली. निवड उत्तम होती, यात शंका नाही. तरीही त्या हंगामात संघाने १६ पैकी १५ सामने गमावले. एकट्या एकमनच्या भोवती दहा समर्थ माणसे उभी नव्हती. त्याच हंगामाच्या मध्यावर काउबॉइजनी आपला सर्वांत नावाजलेला धावपटू हर्शेल वॉकर हा मिनेसोटाला देऊन टाकला आणि त्याच्या बदल्यात अनेक खेळाडू व भावी निवडींचे हक्क घेतले. त्या वेळी अनेकांनी या व्यवहाराची टर उडवली. परंतु १९९२, १९९३ आणि १९९५ या तीन हंगामांचे अजिंक्यपद डॅलसकडेच गेले. एकमन तोच होता. बदलला होता तो त्याच्या भोवतीचा संघ.

केड मॅसी आणि पुढे २०१७ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे रिचर्ड थेलर यांनी या निवडींचा हिशेब मांडला आहे. त्यांचा निष्कर्ष असा की, सर्वांत वरच्या निवडींना संघ त्यांच्या खऱ्या मोलापेक्षा फार अधिक किंमत देतात. कोणता तरुण पुढे चमकेल याविषयी निवडणाऱ्यांचा आत्मविश्वास त्यांच्या ज्ञानापेक्षा मोठा असतो. म्हणून पहिली निवड विकून खालच्या अनेक निवडी घेणारा संघ बहुधा फायद्यात राहतो. हे निष्कर्ष १९९० च्या दशकापासूनच्या अमेरिकी आकडेवारीवर आधारलेले असले, तरी त्यामागील तर्क सार्वत्रिक आहे. भविष्य अनिश्चित असेल तेव्हा सगळे बियाणे एकाच वाफ्यात पेरू नये, हे कोरडवाहू शेतकऱ्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

प्रो कबड्डीमध्ये शेवटच्या संघाला पहिल्या निवडीचा हक्क नाही. तेथे लिलाव आहे आणि प्रत्येक संघाला खर्चाची सारखीच मर्यादा. २०२३ च्या लिलावात ही मर्यादा ५ कोटी रुपयांची होती. याच वर्षी एक दुर्मिळ प्रयोग जणू नियतीनेच रचून दिला. मागील दोन हंगाम तळाशी राहिलेल्या तेलुगू टायटन्सनी पवन सेहरावत या चढाईपटूला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतले. हा तोवरचा उच्चांक. पुणेरी पलटणने मोहम्मदरेझा शादलुई या इराणी बचावपटूसाठी २ कोटी ३५ लाख मोजले. म्हणजे एका संघाने आपल्या निधीचा ५२ टक्के आणि दुसऱ्याने ४७ टक्के भाग एकेका माणसावर लावला. हंगाम संपला तेव्हा २२ सामन्यांपैकी केवळ २ जिंकून टायटन्स पुन्हा तळाशीच होते. आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सना २८-२५ असे नमवून पलटण प्रथमच अजिंक्य ठरली.

खर्च जवळपास सारखा, फळ मात्र दोन टोकांचे. या भेदाचे कारण ताऱ्यांच्या गुणवत्तेत शोधून सापडणार नाही. पवन हा त्या काळातील अव्वल चढाईपटूंपैकी एक होता. भेद होता तो ताऱ्याखालच्या जमिनीचा. पलटणने शादलुईला घेतले तेव्हा अस्लम इनामदार, मोहित गोयत यांच्यासारखी तरुण मुले त्या संघात आधीच घडत होती. अहिल्यानगर जिल्ह्याच्या ग्रामीण भागातून आलेला अस्लम त्या वर्षी संघनायक होता. हे तरुण आदल्या हंगामातच संघाला अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेले होते. बांधून झालेल्या भिंतीवर पलटणने तुळई चढवली. टायटन्सनी तुळई आधी विकत घेतली आणि भिंत नंतर शोधली.

कबड्डीच्या नियमांतच याचे स्पष्टीकरण आहे. चढाईपटू बाद झाला की तो बाकावर बसतो. त्याच्या साथीदारांनी प्रतिपक्षाचा गडी टिपला तरच तो पुन्हा मैदानात उतरतो. साथीदार दुबळे असतील तर अडीच कोटींचा माणूस बाकावर बसून घड्याळाकडे पाहत राहतो. एकाचे मूल्य इतरांच्या सामर्थ्यावर अवलंबून असते, हे अर्थशास्त्राचे तत्त्व इतक्या उघडपणे क्वचितच दिसते. हिशेबही पाहावा: ५ कोटींतून २ कोटी ६० लाख ५० हजार वजा जाता उरतात २ कोटी ३९ लाख ५० हजार. संघात किमान १८ खेळाडू हवेत. उरलेल्या १७ जणांच्या वाट्याला सरासरी १४ लाख येतात. एकाच्या वेतनात अठरा माणसांची भाकरी मोडते, आणि मग पराभवाचे खापर मात्र त्या १७ जणांच्या डोक्यावर फुटते.

उलट उदाहरणही याच खेळाडूचे आहे. २०२२ साली तमिळ थलैवाजनी पवनला २ कोटी २६ लाखांना घेतले आणि पहिल्याच सामन्यात दुखापत होऊन तो उर्वरित हंगामाला मुकला. संघ कोसळेल अशी सर्वांची अटकळ होती. प्रत्यक्षात नरेंदर, सागर राठी आदी तरुणांनी त्या संघाला प्रथमच उपांत्य फेरी गाठून दिली.

याला एक गंभीर आक्षेप घेतला जाईल, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तारा आल्याने संघ उभारी धरतो, याचीही उदाहरणे आहेत. पहिल्या दोन हंगामांत तळाशी राहिलेली पुणेरी पलटण मनजीत छिल्लर आल्यावर २०१६ च्या दोन्ही हंगामांत तिसरी आली. शिवाय प्रेक्षक ताऱ्याला पाहायला येतो. रिकाम्या प्रेक्षागृहात पाया भरत बसण्याइतका धीर कोणत्या मालकाला असतो? आक्षेपात तथ्य आहे. परंतु तिसऱ्या क्रमांकावरून अजिंक्यपदापर्यंत जायला पलटणला आणखी सात-आठ वर्षे लागली आणि ते अंतर घरच्या नर्सरीत वाढलेल्या मुलांनी कापले. म्हणून प्रश्न तारा हवा की नको, असा नाहीच. प्रश्न क्रमाचा आहे. पाया असेल तर तारा गुणाकार करतो; पाया शून्य असेल तर शून्याचा कितीही गुणाकार केला तरी उत्तर शून्यच.

हा क्रमाचा प्रश्न बुलढाणा जिल्ह्याला परका नाही. प्रादेशिक असमतोल मोजण्यासाठी १९८३ साली वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला. राज्याच्या सरासरीहून जे जिल्हे मागे आहेत त्यांना आधी सरासरीपर्यंत आणा, हे तिचे सूत्र होते. शेवटच्या संघाला पहिली पाळी, याचेच ते लोकशाही रूप. समितीने राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये काढला. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे १,२४७ कोटींचा होता. पाळी तर मिळाली. पण ती कशी वापरली गेली?

जिगावचे उदाहरण बोलके आहे. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी शेतीच्या कामाचे नाही. तेथे गोड्या पाण्याची गरज खरी आणि जुनी आहे. म्हणून नांदुरा तालुक्यात पूर्णेवर जिगावचा प्रकल्प आखला गेला. मूळ किंमत सुमारे ३९४ कोटी. तीन दशकांत ती १३ हजार कोटींच्या पुढे गेली, आणि तरीही प्रकल्प पूर्णत्वाला गेलेला नाही. या काळात शेततळी, पाझर तलाव, जुन्या कालव्यांची दुरुस्ती अशी किती लहान कामे निधीची वाट पाहत राहिली, याचा हिशेब कोणी मागत नाही. कारण लहान कामाच्या कोनशिलेवर मोठे नाव कोरता येत नाही. मोठा प्रकल्प नकोच, असा याचा अर्थ नव्हे. पण सर्व आशा एका नावावर टांगून बाकीच्या सतरा कामांना उपाशी ठेवण्याची रीत मैदानात जशी बुडवते तशीच शिवारातही बुडवते.

क्रीडाक्षेत्रापुरते बोलायचे तर याच जिल्ह्याने उलट दिशेचा दाखलाही दिला आहे. बुलढाण्याचा धनुर्धर प्रथमेश जावकर याने मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत जगातील अव्वल मानल्या जाणाऱ्या माईक श्लोसरला हरवून सुवर्णपदक मिळवले. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघातही तो होता. हा तारा कोणी लिलावात विकत आणला नव्हता. तो येथल्याच सरावाच्या मैदानावर वर्षानुवर्षांच्या कष्टातून घडला. जेथे शिकवणारा माणूस रोज हजर असतो तेथे मागास जिल्हाही जग जिंकतो.

कबड्डीला मात्र हे भाग्य सर्वत्र नाही. खेड्यातला मुलगा मातीवर खेळतो आणि निवड चाचणीला गेला की त्याला बूट घालून मॅटवर उभे करतात. पाय घसरतो तो त्याच्या गुणवत्तेचा नसतो, सवयीच्या अभावाचा असतो. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांना स्वतंत्र क्रीडाशिक्षक नाही. अशा स्थितीत जिल्ह्याच्या हाती जो थोडा निधी येतो तो एखाद्या दिवसाच्या भव्य स्पर्धेवर, पाहुण्या ताऱ्याच्या मानधनावर आणि मंडपावर उडवायचा, की तेरा तालुक्यांत प्रत्येकी एक मॅट आणि एक पगारी प्रशिक्षक यांवर लावायचा? वरच्या साऱ्या हिशेबाचे उत्तर एकच येते.

आणि हा भार केवळ सरकारनेच का वाहावा? खेळाडू घडवतो गाव, शाळा आणि तालमीसारखे चालणारे मंडळ. त्याचे मोल वसूल करतो संघमालक. जागतिक फुटबॉलने या अन्यायावर एक उपाय शोधला आहे. खेळाडू एका संघातून दुसऱ्या संघात जाताना जी रक्कम दिली जाते तिचा ५ टक्के भाग त्याला वयाच्या १२ ते २३ वर्षांत घडवणाऱ्या संस्थांना वाटला जातो. कबड्डीच्या लिलावातही हा न्याय लागू झाला पाहिजे, आणि तोही खेळाडूच्या वेतनाला हात न लावता, मालकाच्या खिशातून. २ कोटी ६० लाखांच्या एका बोलीवर ५ टक्के म्हणजे १३ लाख रुपये. मालकाच्या दृष्टीने ही किरकोळ रक्कम. परंतु एखाद्या खेड्यातील मंडळाला ती मॅट, बूट आणि प्रशिक्षकाचे वेतन काही वर्षे पुरवू शकेल.

दुर्बलाला पहिली पाळी मिळाली पाहिजे, याविषयी दुमत नाही. ती मागून, भांडून घेतली पाहिजे. परंतु पाळी हाती आल्यावर जो एका चमकत्या नावाकडे हात करतो तो पुढच्या वर्षी पुन्हा रांगेच्या शेवटी उभा दिसतो. जो ती पाळी अठरा जणांत वाटतो त्याला पुढे अशा पाळीची गरजच उरत नाही.