पोत्याने मांजरे कमी होत नाहीत

मा. संपादक यांस,



शहरातील गृहनिर्माण संस्थांच्या सभांतून आवारातील भटक्या मांजरांचा विषय हल्ली वारंवार निघतो, आणि जिन्यावरची घाण, रात्रीच्या झुंजी व बोक्यांच्या मुताचा उग्र दर्प यांविषयीच्या तक्रारी ऐकून झाल्यावर बहुमताने जो ठराव मंजूर होतो तो बहुधा एकच असतो : मांजरे पोत्यात घालून दूरच्या मासळी बाजारात सोडून यावीत. आमच्या संस्थेनेही नुकताच तसा ठराव केला आहे. तक्रारी खोट्या आहेत असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु त्यांवर योजलेला हा उपाय जितका निर्दय तितकाच निष्फळ आहे.

ज्या आवारात उघडे कचऱ्याचे डबे, उंदीर आणि आडोसा या तिन्ही गोष्टी कायम असतात, तेथील मांजरे हलविली की शेजारच्या गल्लीतील मांजरे ती मोकळी जागा लवकरच बळकावतात. भाटी चार-सहा महिन्यांची होताच माजावर येऊ लागते, नऊ आठवड्यांच्या सुमारास विते, आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. तेव्हा पोत्यातून निसटलेली एकच भाटी पुढच्या हंगामापर्यंत ठरावाचा सारा हेतू विफल करण्यास पुरेशी होते. शिवाय मांजर पिलांना सात घरे फिरविते असे आपण म्हणतो, त्या पिलांना तिने माळ्यावर ठेविले आहे की जिन्याखालच्या अडगळीत, याची चौकशी पोते घेऊन येणारा करीत नाही, आणि आईवाचून ती तेथेच उपाशी मरतात.

रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या चिकाटीच्या आग्रहातून 1960 साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला, व उपासमार होईल अशा अवस्थेत प्राण्यास सोडून देणे हा त्याच्या अकराव्या कलमान्वये गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यास दंड मात्र अवघा 10 ते 50 रुपये, ही आपल्या कायद्याची शोचनीय उणीव होय.

खरा उपाय मांजर पकडून तिची नसबंदी करणे, रेबीजची लस टोचणे आणि तिला तिच्याच जागी परत सोडणे हा आहे. त्याचे तंत्र साधे असले तरी त्यास संयम लागतो. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री अन्न बंद ठेवावे लागते; मग पिंजऱ्याच्या टोकाशी बांगड्याचा तुकडा ठेवून दूर उभे राहावे, दार पडताच जाळीवर धडका देणाऱ्या त्या जिवावर चादर टाकावी, म्हणजे अंधारात तो बहुधा शांत होतो. भूल उतरण्यापूर्वी एका कानाचे टोक सरळ कापतात, जेणेकरून तीच मांजर पुन्हा पकडण्याची तसदी कोणी घेऊ नये. नसबंदीनंतर माजाचे रात्रीचे ओरडणे थांबते, बोक्यांच्या झुंजी व मुताचा दर्प पुष्कळ कमी होतो, आणि जागा भरलेली राहिल्याने बाहेरच्या मांजरांच्या शिरकावास आळा बसतो. इटलीने 1991 च्या कायद्याने भटक्या मांजरांसाठी हेच धोरण राष्ट्रभर स्वीकारले. अभयारण्याच्या हद्दीलगत, जेथे मांजरे पक्ष्यांचा संहार करतात, तेथे निराळी तजवीज करावी लागेल हे मला मान्य आहे. दाट वस्तीच्या शहरात मात्र हा आक्षेप फारसा टिकत नाही.

खाणे घालणाऱ्या भगिनींना आवारातून हुसकावणे हेही थांबले पाहिजे, कारण मांजरे हाताला येतात ती त्यांच्याच विश्वासाने. त्यांनीही दूध-भात जिन्यात सांडून ठेवू नये, ठरल्या वेळी ठरल्या जागी भांडे ठेवून उरलेले उचलून न्यावे. केंद्र सरकारच्या 2023 च्या नियमांत रहिवासी संघांनी, मुलांची खेळण्याची जागा, जिना व प्रवेशद्वार टाळून, अशी जागा ठरवून द्यावी अशी स्पष्ट तरतूद आहे, आणि ती फार थोड्या संस्थांच्या दप्तरी पोहोचलेली दिसते.

महानगरपालिकेने प्रत्येक विभाग कार्यालयात पिंजरे उपलब्ध करावेत व मांजरांच्या नसबंदीसाठी कुत्र्यांहून स्वतंत्र रक्कम अंदाजपत्रकात धरावी. आणि ज्या संस्थांनी पोत्यांचे ठराव केले आहेत त्यांनी ते येत्या सभेत रद्द करून तोच खर्च शस्त्रक्रियांकडे वळवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक, गिरगाव, मुंबई